तोंडाचे आरोग्य: स्वतः तपासणी, जोखमीचा अंदाज आणि शरीराच्या इतर आजारांशी असलेले नाते

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे आणि १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे. हे आजार बहुतांशी टाळता येतात आणि सुरुवातीला लक्षात आले तर थोड्या उपचारात आटोक्यातही येतात. अडचण अशी की ते फार काळ दुखत नाहीत, आणि जे दुखत नाही त्याकडे कोणी पाहत नाही.

या विषयाकडे पाहताना दोन टोके टाळावी लागतात. दात म्हणजे शरीरापासून वेगळी वस्तू, तिचा मधुमेहाशी, हृदयाशी किंवा गोळ्यांशी काय संबंध, हे पहिले टोक. शरीरातला प्रत्येक आजार हिरड्यांतूनच उगम पावतो असे मानणे, हे दुसरे. दुसरे टोक नवे नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० साली माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील जंतुसंसर्गाला अनेक आजारांचे मूळ ठरवले आणि पुढील काही दशके संधिवातापासून मनोविकारांपर्यंत नाना कारणांसाठी धडधाकट दात उपटले गेले. रुग्ण त्यामुळे बरे होत नाहीत हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आणि ती लाट ओसरली. म्हणून पुढे जिथे जिथे शरीराशी असलेल्या नात्याचा उल्लेख येईल, तिथे काय सिद्ध झाले आहे आणि काय केवळ सोबत आढळते, हे वेगळे सांगितले आहे.

पायरी पहिली: आरशासमोर पूर्ण तोंड तपासणे

महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, हात स्वच्छ धुऊन, कवळी असल्यास काढून ठेवून ही तपासणी करावी. क्रम ठरवून घेतला म्हणजे काही सुटत नाही. आधी ओठ बाहेरून व आतून, मग दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, जिभेचा पृष्ठभाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि शेवटी जबड्याखाली व मानेवर बोटांनी चाचपणी. जिभेच्या कडा पाहण्यासाठी जीभ बाहेर काढून स्वच्छ कापडाने टोकाशी धरावी आणि एकेका बाजूला वळवावी. जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग या तोंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या जागा आहेत, आणि लोक घाईत नेमक्या याच जागा वगळतात.

पुढील गोष्टी आढळल्यास त्यांची नोंद करावी: पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, घट्ट, न दुखणारी गाठ, कारण नसताना आलेला बधिरपणा, गिळताना सतत काही अडकल्यासारखे वाटणे. लाल चट्टे पांढऱ्या चट्ट्यांपेक्षा कमी आढळतात, पण त्यांत कर्करोगाची शक्यता अधिक असते. तोंड पूर्ण उघडल्यावर स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी ठेवून दातांच्या मध्ये सहज जातात का, हेही पाहावे. सुपारी चघळणाऱ्यांमध्ये गालाची आतली त्वचा कडक, फिकट व ताठर होत जाते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे आणि एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे मागे फिरत नाही, त्यामुळे लवकर लक्षात येण्याला इथे फार महत्त्व आहे.

नेहमीचे तोंड येणे मात्र वेगळे. लहान, गोल, लाल कडेचे आणि चांगलेच झोंबणारे हे व्रण बहुधा ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतात. ते पुन्हा पुन्हा येत असतील तर लोह, फोलेट आणि ब १२ जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी करून घेणे योग्य ठरते, कारण काहींमध्ये मूळ कारण तिथे सापडते. वेदनेवरून धोका ठरवू नये. झोंबणारा व्रण बहुधा निरुपद्रवी असतो आणि सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

हिरड्यांचा रंग पाहताना एक सावधगिरी बाळगावी. गुलाबी म्हणजे निरोगी, हे सर्वांना लागू पडत नाही. अनेकांच्या हिरड्या जन्मतः तपकिरी किंवा काळसर असतात आणि त्या पूर्ण निरोगी असतात. रंगापेक्षा बदल पाहावा: सूज, चकाकी, स्पर्शाने येणारे रक्त, दातापासून सुटलेली कड, पूर्वीपेक्षा लांब दिसू लागलेले दात.

दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे, निस्तेज पट्टे दिसले तर ती किडीची पहिली अवस्था असू शकते. इथे अजून खड्डा पडलेला नसतो आणि खनिजे परत भरून येऊ शकतात. वय वाढल्यावर हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडलेली असतील तर तीही नीट पाहावीत, कारण मुळांवर इनॅमलचे, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थराचे, कवच नसते आणि कीड तिथे झपाट्याने पसरते.

पायरी दुसरी: आपली जोखीम ओळखणे

दात किडण्याची क्रिया समजून घेतली की बहुतेक सल्ले पाठ करावे लागत नाहीत. दातांवरच्या चिकट थरातील जंतू साखर वापरून आम्ल तयार करतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यांतला सर्वांत परिचित जंतू; त्याचे वर्णन १९२४ साली प्रथम झाले, पण तो एकटा दोषी नाही. थरातील सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. मुळांच्या बाबतीत ही मर्यादा ६ च्याही वर आहे, म्हणजे सौम्य आम्लही त्यांना पुरते. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच सामू घसरतो आणि लाळेच्या मदतीने मूळ पातळीवर येण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. सावरण्याच्या या काळात पुन्हा काही गोड तोंडात गेले तर घड्याळ नव्याने सुरू होते. म्हणून दिवसभरात किती साखर खाल्ली यासोबत ती किती वेळा खाल्ली हा प्रश्न तितकाच, किंबहुना दातांपुरता अधिक, महत्त्वाचा ठरतो.

स्वीडनमधील व्हिपेहोम येथे १९४५ ते १९५५ या काळात झालेल्या अभ्यासाने हे ठळकपणे दाखवले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. जेवणांच्या मध्ये वारंवार दिलेल्या चिकट गोड पदार्थांनी ती प्रचंड वाढली. तो अभ्यास मतिमंद रुग्णांच्या संस्थेत, त्यांच्या संमतीविना झाला होता. आज तसा प्रयोग करण्याचा कोणी विचारही करणार नाही, आणि त्याचा निष्कर्ष वापरताना त्याची ही बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही.

सलग तीन दिवस, त्यांत एक सुट्टीचा दिवस घेऊन, पाण्याखेरीज जे जे तोंडात जाईल त्याची वेळ कागदावर लिहावी. प्रमाण लिहिण्याची गरज नाही, फक्त वेळ. गोड पेयाचे घोट, खोकल्याचे गोड औषध, चघळायची गोळी, सारे त्यात यावे. दोन तास घोट घोट घेतलेले एक पेय ही एक वेळ नसून दोन तासांचा सलग आम्लहल्ला आहे. दिवसातून चार-पाचपेक्षा अधिक वेळा गोडाचा संपर्क दिसला तर आधी मधले घास कमी करावेत किंवा ते जेवणाला जोडून घ्यावेत. एकूण साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेल्या आणि मध, फळांचे रस यांतील साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत राहावी. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. अख्ख्या फळात असलेली साखर यात धरत नाहीत.

साखरेशिवाय आम्लानेही दात झिजतात, आणि ही झीज किडीपेक्षा वेगळी असते. आंबट व फेसाळ पेये हे तिचे एक कारण. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत व पातळ झालेली असेल तर मात्र जठरातील आम्ल तोंडापर्यंत येत आहे किंवा वारंवार उलट्या होत आहेत, असा संशय घ्यावा लागतो. आम्लपित्ताची तक्रार न करणाऱ्या माणसाचा हा आजार कधीकधी दंतवैद्याच्या खुर्चीत उघडकीस येतो. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. आधी साध्या पाण्याने, किंवा पेलाभर पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून, चूळ भरावी आणि ब्रश काही वेळाने करावा.

लाळेचा विचार फार थोडे लोक करतात. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होणारी लाळ आम्ल निवळते, खनिजे परत पुरवते आणि अन्नकण धुऊन नेते. ती कमी झाली की वर्षानुवर्षे निरोगी असलेल्या तोंडात थोड्याच महिन्यांत मुळांशी कीड लागू शकते. नैराश्य, ॲलर्जी, रक्तदाब, लघवीवर ताबा नसणे अशा तक्रारींवरील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते आणि अशी दोन-तीन औषधे एकत्र आली की परिणाम वाढतो. मान व डोक्यावरील किरणोपचार आणि जोग्रेन हा स्वप्रतिकारक आजार ही आणखी दोन कारणे. कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येत नसेल, किंवा रात्री तोंड सुकून जाग येत असेल, तर औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध परस्पर बंद मात्र करू नये.

तंबाखू, मद्य आणि सुपारी यांना वेगळ्या परिच्छेदाची गरज नाही, इतके त्यांचे परिणाम स्पष्ट आहेत, तरी दोन गोष्टी नेमकेपणाने सांगायला हव्यात. तंबाखू आणि मद्य एकत्र घेतल्यास तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता जोडला न जाता गुणाकाराने वाढतो. तसेच तंबाखूशिवायची सुपारी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांच्या, गटात टाकले आहे. घशाच्या मागच्या भागातील व टॉन्सिलच्या कर्करोगात एचपीव्ही हा विषाणू हे आणखी एक कारण असते, त्यामुळे व्यसन नसलेल्यांनाही तपासणीतून सुटका नाही.

पायरी तिसरी: रोजची स्वच्छता, नेमकी

फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी, त्यांतली एक वेळ झोपण्याआधीची असावी, आणि थुंकल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. हे शेवटचे अनेकांना विचित्र वाटते. परंतु फ्लोराइडचा मुख्य उपयोग दातांच्या पृष्ठभागावर त्याच्या अल्प प्रमाणात टिकून राहण्याने होतो आणि भरपूर पाण्याने आपण तेच धुऊन टाकतो. पेस्टवर फ्लोराइडचे प्रमाण १००० ते १५०० पीपीएम लिहिलेले असावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने ब्रश केल्यानंतर मोठ्या माणसाने तो पुन्हा फिरवावा, कारण हाताचे तेवढे कसब त्या वयात आलेले नसते. पिण्याच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराइड प्रति लिटर १.५ मिलिग्रॅमहून अधिक असलेल्या भागात राहत असल्यास लहान मुलांच्या बाबतीत आधी दंतवैद्याशी बोलावे, कारण दात घडत असताना अतिरेकी फ्लोराइडने त्यांवर डाग पडतात.

ब्रश मऊ केसांचा असावा. त्याचे केस दात व हिरडी जिथे भेटतात तिथे साधारण ४५ अंशांत तिरपे टेकवून, दोन-दोन दातांच्या टप्प्याने लहान हालचाली कराव्यात. जोर लावून आडवे घासल्याने दात अधिक स्वच्छ होत नाहीत. हिरडी मात्र खाली सरकते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. एकूण दोन मिनिटे लागतात. बहुतेक लोक त्याआधीच थांबतात, आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांची उजवीकडची बाजू अनेकदा अर्धवट राहते. विजेवर चालणाऱ्या ब्रशने थर थोडा अधिक निघतो, परंतु नीट वापरलेल्या साध्या ब्रशनेही काम होते.

दोन दातांमधली जागा ब्रशच्या केसांच्या आवाक्यात येत नाही. दात घट्ट चिकटलेले असतील तर धागा, आणि फट असेल तर त्या मापाचा बारीक ब्रश, असा साधा नियम ठेवावा. फट असेल तिथे हा बारीक ब्रश धाग्यापेक्षा चांगले काम करतो आणि वापरायला सोपाही असतो. पहिले काही दिवस रक्त येईल. ते पाहून थांबू नये. सूज उतरली की रक्त थांबते. दोन आठवड्यांनीही थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे.

जंतुनाशक चुळीच्या औषधांबद्दल माझे मत सावध आहे. क्लोरहेक्सिडीनचा उपयोग शस्त्रक्रियेनंतर किंवा तीव्र सुजेत काही आठवड्यांपुरता निश्चित होतो, परंतु ते महिनोन्‌महिने वापरल्यास दात तपकिरी होतात आणि चवही बदलते. तोंडाच्या दुर्गंधीवर तर त्याआधी जीभ घासणे आणि हिरड्या तपासून घेणे श्रेयस्कर, कारण दुर्गंधीचा उगम बहुतेक वेळा पोटात नसून तोंडातच असतो.

कवळी असणाऱ्यांनी ती रात्री काढून, ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून, पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस घातलेल्या कवळीखाली टाळूवर बुरशीचा लाल दाह होतो. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांनीही प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावी, कारण तेच.

पायरी चौथी: हिरड्यांतून येणारे रक्त गंभीरपणे घेणे

डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे बंद करायला सांगितले. साधारण १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा हा वरवरचा दाह पूर्ण बरा होतो. तो रेंगाळला आणि शरीराची प्रतिक्रिया प्रतिकूल असली, तर दाह खाली उतरतो, दात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजते आणि दात व हिरडीमध्ये कप्पा तयार होतो. गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचाराने पुढची हानी थांबवता येते. या दोन अवस्थांमधली सीमा आरशात दिसत नाही. दंतवैद्य खुणा केलेल्या बारीक सळईने कप्प्याची खोली मोजतो. ३ मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य मानतात, ४ व त्याहून अधिक असल्यास लक्ष द्यावे लागते. तपासणीच्या वेळी ही मोजणी झाली का आणि आकडे काय आले, हे आवर्जून विचारावे.

धूम्रपान करणाऱ्यांनी एक विशेष धोका ओळखावा. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून हाड झिजत असताना बाहेरून सारे ठीक भासते. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी रक्त येऊ लागले तर त्यात बिघाड नाही. आजवर झाकलेला दाह दिसू लागला आहे. हिरड्यांच्या आजाराचे २०१८ सालापासून वापरले जाणारे वर्गीकरण रोग किती वेगाने वाढेल हे ठरवताना, झालेल्या हानीखेरीज, जोखीम वाढवणाऱ्या दोनच गोष्टी जमेस धरते: दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी, आणि मधुमेह्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७ टक्के किंवा अधिक. दुसरी गोष्ट मधुमेहाची, आणि पुढच्या पायरीत ती सविस्तर येते.

काही औषधांनी हिरड्या फुगून दातांवर चढतात: अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व ॲम्लोडिपिन, अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन. थर जमू न दिल्यास ही वाढ बरीच कमी राहते. पर्यायी औषध देता येईल का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारता येते.

पायरी पाचवी: शरीराशी असलेले धागे, त्यांच्या खात्रीच्या क्रमाने

मधुमेहाशी असलेले नाते सर्वांत पक्के आहे आणि ते दोन्ही दिशांनी चालते. रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्यांचा दाह तीव्र होतो, जखम उशिरा भरते, हाड लवकर झिजते. उलट, हिरड्यांतील दीर्घकाळचा दाह साखर आटोक्यात आणणे अवघड करतो. हिरड्यांची खोलवर स्वच्छता केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ ने खाली येते, म्हणजे ८ असेल तर साधारण ७.६, असे अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या आढाव्यांत दिसले आहे. एखादे जादा औषध सुरू केल्याने जेवढा फरक पडावा त्याच्या जवळपास जाणारा हा परिणाम आहे. मधुमेह असणाऱ्याने म्हणून डोळे व पाय यांच्या वार्षिक तपासणीसोबत हिरड्यांची तपासणीही ठेवावी. आणि ज्याला मधुमेह असल्याचे माहीत नाही, पण हिरड्यांत वारंवार गळू येते, दात अकाली हलतात, त्याने साखर तपासून घ्यावी.

वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्या माणसांतील न्यूमोनियाशी असलेला धागाही भक्कम आहे. तोंडातील जंतूंनी भरलेली लाळ झोपेत किंवा गिळण्याच्या दोषामुळे श्वासनलिकेत उतरते. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, ज्यांची तोंडाची स्वच्छता काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर केली, त्यांच्यात न्यूमोनिया आणि त्यामुळे होणारे मृत्यू कमी आढळले. घरात असा रुग्ण असल्यास त्याला बसते करून किंवा कुशीवर वळवून, कमीत कमी पाणी वापरून, दात, जीभ व गालांची आतली बाजू दिवसातून दोनदा तरी स्वच्छ करावी. दात नसले तरीही.

हृदयाच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गात तोंडातील स्ट्रेप्टोकॉकाय हे जंतू खरोखर कारणीभूत ठरू शकतात. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला असा संसर्ग किंवा काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष असणाऱ्यांना दात काढण्यासारख्या उपचारांपूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. इतर हृदयरुग्णांना ती सरसकट देत नाहीत. रक्तवाहिन्या अरुंद होऊन येणारा हृदयविकाराचा झटका हा दुसरा प्रश्न. तिथे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली पुराव्यांचा आढावा घेऊन असे म्हटले की हिरड्यांचा आजार व हृदयविकार यांचा संबंध धूम्रपानासारखी सामाईक कारणे वजा केल्यावरही उरतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने झटके टळतात हे दाखवता आलेले नाही. हिरड्या सुधारण्याला त्यांचे स्वतःचे पुरेसे कारण आहे. हृदयाची गोळी मात्र त्यामुळे कमी होत नाही.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सहज सुजतात. हिरड्यांचा आजार आणि अकाली प्रसूती सोबत आढळतात, परंतु २००६ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत गरोदरपणी हिरड्यांवर उपचार करूनही अकाली प्रसूतींचे प्रमाण घटले नाही. त्याच चाचणीतून हेही निघाले की असा उपचार आई व बाळ दोघांनाही सुरक्षित आहे. अजूनही अनेक जणी नऊ महिने दातदुखी सोसत राहतात, ते अनाठायी आहे. चौथा ते सहावा महिना सोयीचा असतो आणि तातडीचा उपचार केव्हाही करता येतो.

स्मृतिभ्रंशाबद्दल सध्या बरेच बोलले जाते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरड्यांच्या आजारातील एका जंतूच्या खुणा सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले, पण त्याच जंतूच्या विकरांवर (एन्झाइमवर) रोखलेल्या औषधाची चाचणी २०२१ साली आपल्या मुख्य उद्दिष्टांत अपयशी ठरली. एवढ्यावरून कोणी दात वाचवून स्मृती वाचवण्याचे आश्वासन देत असेल तर ते घेऊ नये.

पायरी सहावी: दंतवैद्यासाठी एक कागद

पहिल्या भेटीआधी एका कागदावर आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी आणि सर्व औषधे लिहून न्यावीत. दंतवैद्याला सांगण्यासारखे काही नाही असे वाटणाऱ्या गोष्टीच इथे महत्त्वाच्या असतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी दिलेली बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे व डेनोसुमॅब यांनी दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे राहून मृत होण्याचा धोका असतो. ठिसूळपणासाठीच्या मात्रांत तो कमी, कर्करोगातील मोठ्या मात्रांत बराच अधिक. ही औषधे किंवा मान व डोक्यावरील किरणोपचार सुरू होणार असतील, तर जे दात काढावे लागतील ते आधीच काढून घ्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र दात काढायचा म्हणून स्वतःहून थांबवू नये. हिरडीतून थोडे अधिक आलेले रक्त दाबून थांबते. मेंदूकडे गेलेली गुठळी तशी थांबत नाही.

पायरी सातवी: कशासाठी थांबू नये

दात ठणकत असताना प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी काही दिवस बरे वाटते, पण दाताच्या आतला मृत भाग तिथेच राहतो; तो रूट कॅनालने किंवा दात काढूनच जातो. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यास तिथली त्वचा भाजते. जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरणारी कडक सूज, जीभ वर उचलली जाणे, गिळता किंवा श्वास घेता न येणे, डोळ्याकडे सरकणारी सूज, तापासोबत तोंड न उघडणे, यांपैकी काहीही झाले तर दवाखान्याची वेळ न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, अशी तक्रार असेल तर ते दुखणे हृदयाचे असू शकते.

पडून किंवा मार लागून कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. मळला असेल तर दुधाने, सलाइनने किंवा रुग्णाच्या स्वतःच्या लाळेने हलकेच धुवावा आणि तिथल्या तिथे त्याच खाचेत बसवून स्वच्छ कापड चावायला द्यावे. ते जमत नसेल तर दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत लवकर मरतात, म्हणून इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्याखालच्या कायमच्या दाताला इजा होते.

काहीही तक्रार नसताना दंतवैद्याकडे किती दिवसांनी जावे, याचे उत्तर सर्वांना एकच नसते. ब्रिटनमधील २००४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी हे अंतर जोखमीनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ठेवले आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी कमाल एक वर्ष. मधुमेह, तंबाखू, कोरडे तोंड किंवा हिरड्यांचे खोल कप्पे असलेल्याने तीन ते सहा महिन्यांची भेट धरावी. ज्याच्या तीन दिवसांच्या कागदावर गोडाच्या वेळा कमी आहेत, हिरड्यांतून रक्त येत नाही आणि वर्षानुवर्षे नवी कीड लागलेली नाही, त्याला याहून दीर्घ अंतर चालते. पुढची तारीख ठरवताना ती कोणत्या कारणासाठी तेवढ्या अंतरावर ठेवली, हे दंतवैद्याला विचारून आरोग्याच्या त्याच कागदावर लिहून ठेवावे.